लुकुमाचे झाड आणि घराखालचा कोआटी

इस्पितळातल्या खोलीत एक म्हातारा बेशुद्ध पडला आहे. पलंगाशेजारी खुर्चीत एक नीटनेटका, मध्यमवयीन गृहस्थ बसला आहे आणि त्या न ऐकणाऱ्या माणसाला तो आपल्या लहानपणाची गोष्ट सांगतो आहे. घरात अठराविश्वे दारिद्र्य. जवळच लुकुमाचे एक झाड होते, कधी न फळलेले. मुलाने ते मनावर घेतले, त्याची निगा राखली, आणि एके वर्षी झाड फळाला आले. पुढे कुणीतरी फळांची नासधूस करू लागले. तो कोआटी नावाचा प्राणी होता. मुलाने फास लावला. कोआटी सापडला, पण धडपडीत पाय मोडून घेऊन निसटला आणि घराखाली जाऊन लपला. मुलगा तिथेच बसून राहिला. रात्र झाली तरी हलला नाही. शेवटी प्राणी बाहेर आला आणि मुलाने त्याला पकडले. त्याला मारून टाकणे ही दया झाली असती, असे तो गृहस्थ म्हणतो. त्याने मारले नाही, ठेवून घेतले. प्राणी पुढे बरेच दिवस जगला.

‘बेटर कॉल सॉल’ या अमेरिकन मालिकेच्या चौथ्या पर्वातल्या ‘पिन्याटा’ या सहाव्या भागातला हा प्रसंग. भाग सप्टेंबर २०१८ मध्ये प्रसारित झाला. लेखन जेनिफर हचिसन यांचे, दिग्दर्शन अँड्र्यू स्टँटन यांचे. बोलणारा गस फ्रिंग, म्हणजे नट जियानकार्लो एस्पोसिटो. पलंगावरचा हेक्टर सलामांका, म्हणजे मार्क मार्गोलिस. दूरचित्रवाणीवरच्या खलनायकांच्या स्वगतांचा विषय निघाला की या काही मिनिटांचे नाव हटकून निघते. गेली काही वर्षे मी खलपात्रांच्या भाषणांच्या नोंदी वहीत करतो आहे. माझ्यामागे विद्यापीठ नाही की मार्गदर्शक नाही. पाहायचे, थांबवायचे, लिहून घ्यायचे आणि पुन्हा पाहायचे, एवढीच माझी पद्धत. या स्वगताचा रूढ अर्थ अपुरा आहे, असे मला या नोंदींवरून वाटते. ते का, हे इथे मांडतो.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. गस फ्रिंग हे पात्र मूळचे ‘ब्रेकिंग बॅड’ या आधीच्या मालिकेतले. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात तो तळलेल्या कोंबडीची उपाहारगृहे चालवतो. गिऱ्हाइकाशी अदबीने वागतो, टेबल स्वतः पुसतो. या धंद्याआड त्याचा अमली पदार्थांचा मोठा व्यापार आहे. ‘ब्रेकिंग बॅड’च्या चौथ्या पर्वातल्या ‘एर्मानोस’ (२०११) या भागात त्याचा भूतकाळ कळतो. मेक्सिकोत डॉन एलाडिओ या टोळीप्रमुखाच्या पोहण्याच्या तलावाकाठी हेक्टरने गसचा भागीदार आणि जिवाभावाचा सोबती मॅक्स याला गसच्या डोळ्यांदेखत गोळी घातली. मॅक्सचे रक्त तलावात मिसळत असताना गसला जमिनीवर दाबून धरून ते पाहायला लावले. कथेतल्या कालगणनेप्रमाणे पुढे सुमारे वीस वर्षे हा माणूस सूड मनात ठेवून जगतो.

त्यामुळे रूढ अर्थ असा लावला जातो: मॅक्सच्या खुनाने गसला पाषाणहृदयी केले, आणि कोआटीची गोष्ट ही हेक्टरला दिलेली रूपकात्मक धमकी आहे. धमकी ती आहेच. पण गोष्टीतला काळ बघा. ती मॅक्सच्या कितीतरी आधीची आहे. त्या मुलाचे अजून कुणीही मारलेले नाही. त्याचे गेले आहे ते काही फळांपुरते. तरीही शिक्षा तीच: मरू द्यायचे नाही, ठेवून घ्यायचे. मित्राचा खून करणारा माणूस आणि फळ खाणारे जनावर या दोघांना गसच्या न्यायालयात एकच कलम लागते. याचा अर्थ मॅक्सच्या मृत्यूने ही वृत्ती जन्माला घातली नाही. ती आधीपासून तयार होती. दुःखाने तिला कारण पुरवले, आणि कारणही असे की ऐकणाऱ्याने मान डोलवावी.

लुकुमा हे फळ आपल्याला अगदीच परके नाही. अँडीजच्या खोऱ्यांत होणारे हे झाड वनस्पतिशास्त्रात आपल्या चिकूच्या, खिरणीच्या आणि मोहाच्या कुळातले. आतला गर पिवळा, पिठूळ, उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखा. चिकूची बाग ज्याने राखली आहे त्याला वटवाघळांनी पाडलेली, अर्धवट खाल्लेली फळे पाहून होणारी चडफड सांगावी लागत नाही. कोआटी हा रकूनच्या कुळातला, लांब नाकाचा, शेपटीवर पट्टे असलेला प्राणी. फळे, किडे, मिळेल ते खाणारा. झाडाशी तो आला तो भुकेपोटी. मुलगाही भुकेलाच होता. एका झाडाखाली दोन भुकेले जीव आले, एवढीच खरे तर ती हकिकत. गस ती सांगताना एकाला वादी करतो आणि दुसऱ्याला गुन्हेगार. चोराची भूक त्याच्या गोष्टीत जमेस धरली जात नाही.

गोष्ट खरी कशावरून, असा आक्षेप कुणी घेईल. तो रास्त आहे. ‘एर्मानोस’मध्येच पोलीस गसला विचारतात की चिलीत तुमची कुठेच नोंद कशी नाही, आणि तो शांतपणे पिनोचेच्या राजवटीतल्या ढिसाळ दप्तराकडे बोट दाखवतो. म्हणजे त्याच्या बालपणाला त्याच्या शब्दापलीकडे पुरावा नाही. त्यात प्राणिशास्त्राची एक अडचण मला सापडली. कोआटी चिलीच्या मुख्य भूमीवरचा मूळचा प्राणी नाही. चिलीच्या ताब्यातल्या रॉबिन्सन क्रूसो बेटावर तो आहे, पण तिथेही माणसाने नेऊन सोडलेला. ही लेखकांची नजरचूक असेल, किंवा गसच्या बालपणावरचे धुके आणखी दाट करणारा तपशील असेल. माझ्या मांडणीला दोन्ही चालते. ऐकणारा बेशुद्ध आहे, त्याला फसवून काही मिळायचे नाही. तरीही हा माणूस स्वतःची ओळख म्हणून हीच गोष्ट निवडतो. ती घडलेली असो वा रचलेली, आपण मुळापासून असे आहोत हे त्याला मान्य आहे, किंबहुना त्याचा त्याला अभिमान आहे.

आता प्रतीक्षेकडे येऊ. गस नेमकी कशाची वाट पाहतो? हेक्टरच्या मरणाची नाही. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस (२०१६) माईक हा निष्णात नेमबाज हेक्टरवर बंदूक रोखून बसलेला असताना कुणीतरी चिठ्ठी ठेवून त्याला थांबवते. ते काम गसचे, हे पुढे उघड होते. गोळी घालणे फारच दयाळूपणाचे ठरले असते, असे तो नंतर माईकला सांगतो. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी हेक्टर झटका येऊन कोसळतो तेव्हा त्याची छाती दाबून त्याला वाचवतो तोही गसच. मग तो जॉन्स हॉपकिन्सहून एक डॉक्टर आणवतो आणि खर्च करून उपचार सुरू करतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही सेवा वाटावी. झाडाला पाणी घालणारा मुलगा आणि शत्रूच्या उशाशी बसणारा हा माणूस यांची निगा राखण्याची रीत एकच आहे. स्वगत अंगावर येते ते त्यामुळे. एस्पोसिटो ते बोलताना आवाज चढवत नाही; झाडाच्या आठवणीला जो मऊपणा आहे तोच फासाच्या वर्णनालाही आहे. सूर कुठे बदलला हे शोधायला जावे तर तो बदललेलाच नसतो.

सूड घेणाऱ्याला शत्रू शुद्धीवर हवा असतो, हे फार जुने निरीक्षण आहे. ॲरिस्टॉटलने ‘ऱ्हेटरिक’मध्ये रागाची चर्चा करताना म्हटले आहे की कोण शिक्षा करतो आहे आणि कशासाठी, हे ज्याला कळणार नाही त्याच्यावर राग धरण्यात अर्थ उरत नाही. दाखल्याला त्याने ‘ओडिसी’तला प्रसंग घेतला आहे. एका डोळ्याच्या राक्षसाला आंधळे करून सुटलेला ओडिसियस जहाजावरून स्वतःचे नाव ओरडून सांगतो. होमरच्या काव्यात त्या नावामुळेच राक्षसाला शाप देता येतो आणि ओडिसियसची पुढची वाट बिकट होते. एडगर ॲलन पो याच्या ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’ (१८४६) या कथेतला मॉन्ट्रेसरही हाच नियम सांगतो: सूड घेणारा कोण हे बळीला कळलेच पाहिजे. गस या घराण्यातला आहे. म्हणून गोष्ट संपवून तो हेक्टरला सांगतो की तू जागा होशील असा मला विश्वास आहे. हे वाक्य वेगळे काढून एखाद्या आप्ताच्या तोंडी घातले तर ते आशीर्वादासारखे ऐकू येईल.

पुढच्याच भागात, ‘समथिंग स्टुपिड’मध्ये, या विश्वासाचा अर्थ कळतो. हेक्टर शुद्धीवर आला आहे. एकदा तो बोटाने पेला पाडतो. डॉक्टरला ती उपचारातली अडचण वाटते, पण चित्रफीत पाहताना गसच्या लक्षात येते की वाकलेल्या परिचारिकेकडे टक लावून पाहण्यासाठी म्हाताऱ्याने तो मुद्दाम पाडला. म्हणजे आतला हेक्टर जसाच्या तसा परतला आहे. त्याच क्षणी गस उपचार थांबवतो. मन पूर्ण जागे, शरीर निकामी, चालते ते एक बोट: नेमक्या या टप्प्यावर तो शत्रूला गोठवून ठेवतो. पाय मोडलेला कोआटी ठेवून घेतला, तो असा.

‘पिन्याटा’ पाहणाऱ्या प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक होता. ‘ब्रेकिंग बॅड’चा ‘फेस ऑफ’ हा भाग ऑक्टोबर २०११ मधला. कथेत तो प्रसंग पुढचा, पण प्रेक्षकाने तो सात वर्षे आधी पाहिलेला. चाकाच्या खुर्चीतला हेक्टर आजवर गसच्या नजरेला नजर देत नाही. गस वृद्धाश्रमात येऊन त्याच्या घराण्यातल्या एकेकाच्या मरणाची बातमी त्याला देतो, माझ्याकडे बघ म्हणतो, आणि म्हातारा मान वळवून बसतो. शेवटच्या भेटीत विषाची सुई हातात असताना गस त्याला बघण्याची शेवटची संधी देतो. हे काम हाताखालच्या माणसावर सोपवता आले असते, पण ती नजर गसला स्वतःला हवी होती. हेक्टर बघतो, आणि खुर्चीला बांधलेली घंटा त्या एका बोटाने वाजवत राहतो. घंटेला बाँब जोडलेला आहे. ते बोट आणि ते जागे मन गसच्या पैशाने वाचलेले होते. वीस वर्षांच्या धीराने त्याने स्वतःचा मारेकरी जोपासला.

या स्वगतात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती न सांगितलेली गोष्ट. लुकुमाच्या झाडाचे पुढे काय झाले? गोष्टीची सुरुवात झाडाने होते आणि ज्या क्षणी कोआटी येतो त्या क्षणी झाड तिच्यातून नाहीसे होते. मुलाने झाड वाचवण्यासाठी फास लावला होता. पण प्राणी पकडल्यावर झाडाला पुन्हा फळे धरली का, ती घरी कुणी खाल्ली का, याचा उल्लेख नाही. सांगणाऱ्याला ते आठवत नाही, किंवा सांगावेसे वाटत नाही.

गसचे पुढचे आयुष्य याच आकृतीवर चालते. पाचव्या पर्वात मॅक्सच्या स्मरणार्थ एका मेक्सिकन खेड्यात त्याने बांधलेले कारंजे दिसते. तिथे तो जखमी माईकला बरे करतो, पण कारण विचारल्यावर जे बोलतो ते सुडाबद्दल. सहाव्या पर्वातल्या ‘फन अँड गेम्स’मध्ये (२०२२) तर लेखकांनी त्याच्यासमोर एक नवे झाडच उभे केले आहे. मोठे संकट टळल्यावर तो एका मद्यगृहात एकटा बसतो. तिथला डेव्हिड नावाचा जाणकार त्याला वाइनबद्दल आणि आपल्या प्रवासाबद्दल रंगून सांगतो. ‘पिन्याटा’त गस बोलत होता आणि समोरचा निश्चल होता, इथे समोरचा बोलतो आणि गस ऐकतो, त्याच्या चेहऱ्यावर खरेखुरे हसू आहे. डेव्हिड एक बाटली आणायला आत जातो. गसचे हसू मावळते आणि डेव्हिड परत यायच्या आत तो उठून निघून जातो. मनात जागा एकच असते, आणि तिथे कोआटी ठेवलेला आहे.

आपल्या भाषेत या सगळ्याला एकच क्रियापद पुरते. आपण धीर धरतो, दम धरतो. दबा धरतो, डूख धरतो. आणि कुणाला सोडायचे नसेल तर धरून ठेवतो. चांगल्या-वाईटाचा भेद त्या ‘धरण्या’त नाही. संयमाला आपण स्वयंसिद्ध सद्गुण मानतो, मुलांना तसे शिकवतो, आणि पडद्यावर थंड डोक्याने वाट पाहणारा माणूस दिसला की आपल्याही नकळत त्याच्या बाजूचे होतो. गसबद्दलचे कौतुक मी पुष्कळ ऐकले आहे, आणि ते बहुतेक वेळा त्याच्या धीराचेच असते. कुणी एखाद्याच्या धीराची वाखाणणी करू लागला की मला आता त्या झाडाची चौकशी करावीशी वाटते. माणूस कशासाठी थांबला होता, ते अजून त्याच्या लक्षात आहे का? गसच्या गोष्टीत याचे उत्तर नाही. तिच्यात शेवटी उरतो तो पाय मोडलेला एक प्राणी, आणि त्याच्यावर नजर रोखून बसलेला मुलगा.