वतन आणि देश : डॉ. आंबेडकरांच्या एका भाषणाचें परीक्षण

डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं ता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितीपुढें केलेलें समारोपाचें भाषण राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनीं पुष्कळ वाचिलें आहे. परंतु त्यांत इतिहासाचा जो आधार घेतला आहे, त्याची छाननी जुन्या कागदांच्या व्यासंगी मंडळींनींही करावयास हवी. ती येथें संक्षेपानें करण्याचें योजिलें आहे.

भाषणांतील मूळ शंका अशी कीं, हिंदुस्थानचें एकदां गेलेलें स्वातंत्र्य पुन्हा जाणार तर नाहीं? तिच्या पुष्टीस पांच दाखले दिले आहेत : सिंधच्या दाहिराचे लांचखाऊ सेनापति, घोरीस बोलाविणारा जयचंद, शिवाजीमहाराजांविरुद्ध मोगलांच्या बाजूनें लढलेले मराठे व राजपूत, शिखांच्या पडत्या काळीं स्वस्थ बसलेला गुलाबसिंग, आणि १८५७ त तटस्थ राहिलेले शीख. हे दाखले एका तोलाचे नाहींत. दाहिराची हकीकत मुख्यतः चचनाम्यावरून कळते, आणि आज उपलब्ध असलेला तो फारसी ग्रंथ इ. स. १२१६ च्या सुमाराचा, म्हणजे मूळ प्रसंगानंतर पांच शतकांचा आहे. जयचंदानें घोरीस बोलाविल्याची कथा समकालीन फारसी तवारिखांत नाहीं. उलट तो ११९४ त चंदावर येथें घोरीच्याच फौजेशीं लढतांना पडला. शिखांचें राज्य १८४९ त बुडविणाऱ्या कंपनीच्या सैन्यांत पुरभय्यांच्या पलटणी होत्या; आठ वर्षांनीं त्यांच्याच उठावांत शिखांनीं सामील व्हावें, ही अपेक्षा आम्हांस कठोर वाटते.

शिवकालचा दाखला मात्र कागदांच्या कसोटीस उतरतो. १६६५ त पुरंदरच्या तहानें २३ किल्ले घेणारा मिर्झाराजा जयसिंग राजपूत होता. जिजाबाईंच्या माहेरचें सिंदखेडचें जाधव घराणें, तेंही वऱ्हाडांतलेंच, मोगलांच्या चाकरींत गेलें होतें. पण यास केवळ फितुरी म्हणून भागत नाहीं. ज्यांनीं सनदा, महजर व करीने चाळले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, वतन हा अरबी शब्द मूळचा जन्मभूमीचा वाचक. आमच्या दप्तरांत त्याचा अर्थ वंशपरंपरेचा हक्क असा झाला. जो वतन चालवील तो धनी, हा त्या काळचा न्याय. जन्मभूमीचा शब्दच जेथें घराण्याच्या मिळकतीस लागला, तेथें देशद्रोह ही कल्पना तरी कशी रुजावी?

दाखल्यांच्या भागांत हें कारण आलेलें नाहीं. तें उत्तरार्धांत सांपडतें. वतनाच्या नांवाखालीं चालणाऱ्या वेठींतून महारांस सोडविण्यासाठीं १९२८ त मुंबईच्या कायदेकौन्सिलांत बिल आणणाऱ्या पुरुषास तें कोणी शिकवावयास नको होतें. सनदशीर मार्ग सोडूं नका, मोठ्या पुरुषाच्या पायीं आपलें स्वातंत्र्य वाहूं नका, आणि सामाजिक समतेवांचून राजकीय लोकशाही टिकेल असें मानूं नका, हे तीन इशारे त्यांत आहेत. तिहींचा मथितार्थ आमच्या मतें एकच : सत्ता ही कोणाचें वतन होऊं देऊं नये. फितुरांचा शोध म्हणजेच देशभक्ति, असा अर्थ जो काढील त्यानें हें भाषण अर्धेंच वाचिलें म्हणावें लागेल.

हे इशारे एखाद्या गांवाला लावून पाहावेत. यवतमाळ जिल्ह्यांतील राजूर घ्या. अकोले तालुक्यांतील नव्हे, किंवा भोकरदनकडील गणपतीचेंही नव्हे, तर वणीजवळचें कोळशाच्या खाणीचें. १८५३ त निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें, १९०२ त कायमचा पट्टा झाला. दोन्ही वेळीं रयतेस कोणी विचारलें नाहीं. वणीस जन्मलेले बापूजी अणे यांनीं १९३० त पुसदकडे राखीव जंगलांतील गवत कापून कायदेभंग केला. सत्याग्रहाचा मार्ग आतां सोडावा, हें म्हणणें अण्यांच्या जिल्ह्यांत कडू लागेल. तरी सनदशीर मार्ग बंद असतां तो समर्थनीय होता, हें वक्त्यांनीं मान्य केलेंच आहे. आमचा आक्षेप इतकाच कीं, मार्ग खुला आहे कीं नाहीं हें ठरविणार कोण, याचें उत्तर भाषणांत नाहीं. २५ जून १९७५ रोजीं आणीबाणी पुकारली गेली. २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें स्थानबद्धांस दाद नाकारली, न्या. खन्ना तेवढे विरुद्ध गेले. घटना जागच्या जागीं होती. ती वांचली ती मार्च १९७७ त मतदारांनीं सरकार बदललें म्हणून.

राजूरसारख्या गांवीं १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत प्रत्येक प्रौढास मत मिळालें. तेव्हांपासूनच्या मतदारयाद्या, ग्रामसभेचे ठराव व हिशेबाच्या वह्या हें लोकराज्याचें दप्तर होय. आमचे संग्राहक मोडीच्या फाटक्या बंदासाठीं शंभर कोस जातील. हें दप्तर रद्दींत गेलें तर मात्र त्यांस हळहळ वाटत नाहीं. ही उपेक्षा सोडली पाहिजे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें ठरावाची नक्कल मागून ती वाचणें आणि जतन करणें, हें किल्ला राखण्याहून कमी प्रतीचें काम नव्हे. वतनदारानें आपला महजर पिढ्यान्‌पिढ्या जपला, कारण हक्क त्यावर टिकत असे. ठरावाची वही हाच नागरिकाचा महजर होय.