विलास सारंग आणि आपलं 'भाषांतरासारखं' मराठी

परदेशातल्या मराठी लिखाणाचा ठरलेला मेन्यू तुम्हाला पाठ असेल: पहिला बर्फ, पुरणपोळीची आठवण, एअरपोर्टवरचा निरोप. विलास सारंगांच्या 'एन्कीच्या राज्यात' (१९८३) या कादंबरीत तो शोधायला जाऊ नका. तिचा नायक प्रमोद अमेरिकेतून निघतो तो घरी नाही, इराकमध्ये बसऱ्याला शिकवायला जातो. एन्की म्हणजे सुमेरियन लोकांचा पाण्याचा आणि शहाणपणाचा देव. त्याच्या भूमीवर तेव्हा बाथ पक्षाची सत्ता होती. प्रमोद इथलाही नाही, तिथलाही नाही, आणि त्याबद्दल तो गळा काढत नाही.

सारंग १९४२चे, जन्म कारवारचा. मुंबईत इंग्रजीत पीएचडी, मग ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात तौलनिक साहित्यात दुसरी. (एकीनंतरच माझा दम गेला होता!) सत्तरच्या दशकात बसरा, मग मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे विभागप्रमुख, नंतर कुवेत. २०१५मध्ये ते गेले.

त्यांच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की त्यांचं मराठी भाषांतरासारखं वाटतं. हा आक्षेप तुम्ही घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतःबद्दलही ऐकला असेल, म्हणून जरा थांबूया. सारंगांचं वाक्य कोरडं असतं. म्हणी नाहीत, बोलीचा ठसका नाही, भावनेला टेकू नाही. विसर्जनाच्या दिवशी गणपतीच्या मूर्ती बंड करतात, आणि लेखक हे पंचनाम्यासारखं सांगतो. हीच कथा रसाळ मराठीत लिहिली असती तर गंमत झाली असती. या कोरडेपणामुळे भीती वाटते. काफ्का, काम्यू, बेकेट पचवलेल्या माणसाने निवडलेली ही भाषा आहे. आपलं मराठी बऱ्याचदा नुसतं आळसाने वाकडं होतं, तेव्हा त्यांचा दाखला देऊन लगेच सुटका नको.

समोरच्या टोकाला नेमाडे आणि त्यांचा देशीवाद. तेही इंग्रजीचेच प्राध्यापक, तेही लंडनला शिकवून आलेले. त्यांना ज्ञानपीठ मिळालं, वाचकांच्या पिढ्या मिळाल्या. सारंगांना मोजके वाचक मिळाले. मला हे अन्यायाचं वाटतं, पण अनाकलनीय नाही: मुळांबद्दल बोलणारा लेखक वाचकाला काहीतरी परत देतो, सारंग हातातलंही काढून घेतात.

मला खरी अडचण होते ती त्यांच्या बायकांची. एम. चक्को नावाच्या माणसाच्या मुलाखतीची कथा घ्या. तो अशा बेटावर जाऊन पोचतो जिथे बायकांना शरीराचा अर्धाच भाग असतो, वरचा किंवा खालचा. हे पुरुषी नजरेवरचं व्यंग आहे हे मान्य. बोलणारा चक्कोच आहे, बाई नाही, आणि मुलाखतीच्या घाटातच ते उघडं पडतं. पण इतर कथांमध्ये असा घाट नसतानाही बाई शरीरापलीकडे क्वचित जाते. तिथे कोरडेपणा ही शैली उरत नाही, सोय होते.

तरी वाचाच. 'सोलेदाद' (१९७५) या कथासंग्रहापासून सुरुवात करा. देवनागरी वाचताना वेग कमी पडत असेल तर इंग्रजी 'द विमेन इन केजेस' (२००६) जवळ ठेवा. सारंगांनी आपल्या कथा स्वतः इंग्रजीत नेल्या, काही ब्रेऑन मिचेल यांच्यासोबत. काफ्काचं 'द ट्रायल' इंग्रजीत आणणारे तेच हे मिचेल. एखादी कथा दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचा, आणि यातलं भाषांतर कुठलं ते ठरवायचा प्रयत्न करा.