दोन गाड्या, दोन पाठ

एकाच ग्रंथाच्या दोन प्रती उपलब्ध असाव्यात. एकीवरील उत्तरकालीन फेरफार काढून मूळ पाठ सिद्ध करावा आणि दुसरी फेरफारांसह तशीच राखावी. यांपैकी प्रमाण कोणती मानावी, हा प्रश्न पाठचिकित्सेच्या अभ्यासकास नवा नाही. अमेरिकेतील एका बंद पडलेल्या आंतरनगरी विद्युत रेल्वेच्या जतन केलेल्या गाड्यांसंबंधी तो जवळजवळ याच स्वरूपात उपस्थित होतो.

शिकागो व मिलवॉकी यांना जोडणाऱ्या ‘नॉर्थ शोअर’ रेल्वेसाठी सेंट लुइस कार कंपनीने १९४१ मध्ये ‘इलेक्ट्रोलायनर’ नावाच्या दोनच गाड्या बांधल्या. प्रत्येकीस डबे चार, पण बोग्या पाच. लगतच्या दोन डब्यांची टोके एकाच बोगीवर टेकलेली. या रचनेस सबळ कारण होते. शिकागोच्या उन्नत मार्गावरील तीव्र वळणे, मिलवॉकीचा भर रस्ता आणि उघड्या माळावरील ताशी ऐंशी मैलांचा वेग ही सर्व एकाच गाडीस पेलावयाची होती. अरुंद अंग, निमुळती टोके, डब्यांमधील सांधे हे सारे मार्गानेच घडविले होते.

२१ जानेवारी १९६३ रोजी रेल्वे बंद झाली. दोन्ही गाड्या फिलाडेल्फियाच्या उपनगरांत वाहतूक करणाऱ्या ‘रेड अ‍ॅरो’ कंपनीने घेतल्या आणि १९६४ पासून नॉरिस्टाउन मार्गावर त्या ‘लिबर्टी लायनर’ म्हणून धावू लागल्या. जेमतेम तेरा-चौदा मैलांच्या त्या मार्गावरही गाडीतील उपाहारकक्ष चालू ठेवण्यात आला, ही थोडी गमतीचीच गोष्ट. पुढे ‘व्हॅली फोर्ज’ ही गाडी युनियन येथील इलिनॉय रेल्वे संग्रहालयात गेली व पुन्हा इलेक्ट्रोलायनर झाली. ‘इंडिपेंडन्स हॉल’ मात्र पेन्सिल्व्हेनियातील रॉकहिलच्या संग्रहालयात लिबर्टी लायनर म्हणूनच उभी आहे.

रसिकांचा कौल बहुधा पहिलीकडे जातो. आम्हांस तो घाईचा वाटतो. नॉर्थ शोअरचे अनेक डबे भंगारात गेले असता या दोन गाड्या वाचल्या त्या फिलाडेल्फियातील नोकरीमुळे. आणि पुनर्रचनेत नेमका त्याच नोकरीचा ठसा पुसला जातो. उलट पक्षही दुबळा नाही. नॉरिस्टाउनचा मार्ग आजही चालू असल्याने त्याचा पुरावा दुर्मिळ नाही. मिलवॉकीला जाणारी ती रेल्वे मात्र कायमची गेली. आमच्या मते युनियनची पुनर्रचना समर्थनीय ठरते ती रॉकहिलची गाडी शिल्लक आहे म्हणूनच. एकच प्रत उरली असती, तर तिचा शेवटचा थर काढण्याचा अधिकार कोणास होता, असे आम्ही विचारले असते.

तथापि खरी उणीव दोहोंकडे सारखीच आहे. युनियनचा मुख्य मार्ग सुमारे पाच मैलांचा, शेतांमधून जाणारा. तेथे ना उन्नत वळण, ना रहदारीचा रस्ता, ना तो वेग. गाडी इतकी अरुंद का, हे तेथे फलकावर वाचूनच समजावे लागते. ज्या वळणांनी तिला हा आकार दिला, ती शिकागोच्या मध्यवस्तीत आजही आहेत आणि त्यांवरून रोज दुसऱ्याच गाड्या जातात.