थेंब, दगड आणि तळे

लॅटिन म्हणी व त्यांचे इंग्रजी अर्थ यांची कोष्टके शब्दकोशांच्या परिशिष्टांतून आणि स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांतून नेहमी आढळतात. डावीकडे लॅटिन, उजवीकडे इंग्रजी. मराठीचा तिसरा रकाना वाचकाने मनातल्या मनात भरावयाचा. तो आपण फार घाईने भरतो, असे आमचे मत आहे. सातारा-सांगलीच्या भूमीवर दोन म्हणी घासून पाहिल्या, तरी हे ध्यानात येईल.

'गुत्ता कावात लापिदेम', म्हणजे थेंब दगड पोखरतो. इंग्रजी कोष्टक हिचा अर्थ चिकाटी असा लावते आणि आपण 'थेंबे थेंबे तळे साचे' असे लिहून मोकळे होतो. वस्तुतः लॅटिन थेंब झिजवतो, मराठी थेंब साठवतो. हे वचन रोमन कवी ओव्हिडचे. सम्राट ऑगस्टसने त्यास इ.स. ८ मध्ये काळ्या समुद्राच्या काठी हद्दपार केले. तेथील सहाव्या उन्हाळ्यात लिहिलेल्या काव्यपत्रात, काळ सर्वांना झिजवतो, आपणांस मात्र मरणही येत नाही, असा त्याचा विलाप आहे. 'बळाने नव्हे, पुनःपुन्हा पडून' हे शेपूट म्हणीला पुढे मध्ययुगात जोडले गेले आणि विलापाचा उपदेश झाला.

मराठी थेंबाची कुळकथा निराळी आहे. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, तेथे पावसाला सुमार नाही. त्याच पट्ट्याच्या पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसत आले. माणगंगेवरचा राजेवाडी तलाव पाहिला म्हणजे 'तळे साचे' या दोन शब्दांमागची आस कळते. तेथे थेंब अडवावा लागतो. तेव्हा लॅटिन म्हणीसाठी तिसऱ्या रकान्यात काही लिहावयाचेच, तर विहिरीच्या काठच्या दगडाला दोराने पडलेली खाच अधिक शोभेल.

दुसरी म्हण अधिक जोखमीची. 'वोक्स पोपुली, वोक्स देई', जनांचा आवाज तो देवाचा आवाज. निवडणुका आल्या की ती हमखास ऐकू येते. परंतु इ.स. ८०० च्या सुमारास अल्क्विन या विद्वानाने सम्राट शार्लमेनला लिहिलेल्या पत्रात ती आली आहे, ती असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नये, या इशाऱ्यासह. कारण जमावाचा गोंगाट वेडाच्या जवळचा असतो. कोष्टकात म्हण उरली, इशारा गळला. पिलातासमोर बरब्बाला सोडा म्हणून ओरडणाराही जमावच होता, हे शुभवर्तमान वाचणाऱ्या कुटुंबांना वेगळे सांगावयास नको.

आपली 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण येथे सहज सुचते. पण पाच म्हणजे गर्दी नव्हे. पाचांनी बसावे, ऐकावे आणि मग बोलावे, अशी तीत अपेक्षा आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली साताऱ्यात प्रतिसरकार चालले. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये तो दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांनी गावोगावचे तंटे सोडविले, गुंडांना जरब बसविली. त्याच वेळी कठोर शिक्षांमुळे 'पत्री सरकार' हे नावही लोकांच्या तोंडी रुळले. पाचांचा निवाडा आणि जमावाचा संताप यांतील रेषा किती बारीक असते, हे या एका नावावरून उमजते. ती रेषा राखणारे तिसरे लॅटिन वचन आपल्या न्यायालयांत आजही आधारास घेतले जाते: 'आउदी आल्तेराम पार्तेम', दुसरी बाजूही ऐका.

१८९९ मध्ये आल्फ्रेड मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने मराठी म्हणींचा इंग्रजी अर्थांसह संग्रह ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केला. परक्याने आपल्या म्हणींसाठी घेतलेले हे कष्ट लॅटिनसाठी आपण का घेऊ नयेत? १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाव दिला, त्यानंतर मिस्सा मराठीत आली. प्रार्थनेसाठी जे साधले, ते म्हणींसाठीही साधेल. मुलांच्या वहीत पुढील वेळी असे कोष्टक दिसले, तर इंग्रजी अर्थ क्षणभर झाकावा आणि म्हण कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी म्हटली, हे आधी शोधावे. तिसरा रकाना त्यानंतर भरावा.