लहानपणीची गाणी आणि मोठेपणीचं संगीत: 'प्रभाव' सिद्ध कसा करायचा?

'अमुक संगीतकारावर लहानपणी ऐकलेल्या तमुकचा प्रभाव आहे' हे वाक्य आपण इतक्यांदा वाचतो, की ते तपासून बघावं असं वाटतच नाही. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी मात्र ते तपासायलाच हवं.

अजय-अतुलचं उदाहरण घेऊ. दोघं पुणे जिल्ह्यातल्या छोट्या गावांत वाढले. इळैयाराजा हे आपले आदर्श, असं त्यांनी अनेकदा सांगितलंय. 'अन्नकिळि'पासून (१९७६) इळैयाराजांनी तमिळ लोकसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणला. 'सैराट'साठी (२०१६) अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. समीक्षक ही दोन टोकं जोडतात आणि मोकळे होतात.

पण व्हायोलिनचा ताफा लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडेही होता, आणि त्यांची गाणी तर तेव्हा घरोघरी वाजत होती. म्हणजे नुसती 'व्हायोलिनं आहेत' हा पुरावा होत नाही. एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे सहसा नाही, अशी खूण शोधावी लागते. हिंदी गाण्यांत व्हायोलिनं बहुतेकदा गायकाच्या ओळींमधली जागा भरतात. इळैयाराजांकडे ती गायकाखालून स्वतःची वेगळी चाल चालवतात. आता 'याड लागलं' हेडफोन लावून ऐका. मला तिथे दुसरा प्रकार ऐकू येतो, म्हणून प्रभावाचा दावा इथे टिकतो असं मी म्हणेन.

'झिंगाट'चं काय? तो ठेका वरातीतला. 'आवडता संगीतकार कोण?' असं विचारलं की एखादं नाव येतं. वरातीला नाव नसतं. आवडलेलं आणि नुसतं कानावर पडलेलं यांत आपण गल्लत करतो ती इथेच.

क्रुमहान्सल आणि झुपनिक यांचा २०१३ चा अभ्यास याच मुद्द्याजवळ येतो. साधारण विशीतल्या मुलांना आपल्या काळातल्या गाण्यांबरोबर आईवडिलांच्या तरुणपणातली गाणीही जवळची वाटली, त्यांच्याशी आठवणी जोडलेल्या निघाल्या. अर्थात तो अभ्यास श्रोत्यांचा होता. संगीतकारांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे यावर काम करायला भरपूर वाव आहे. 'हाई झुमका वाली पोर'सारखी अहिराणी गाणी आज खान्देशाबाहेरही वाजतात. ती बनवणाऱ्यांवर कुणी विषय घेतला, तर मुलाखतीआधी गाणी ऐकून खुणा लिहून ठेवा, नाहीतर समोरच्याने सांगितलेलं नावच तुम्हाला गाण्यात ऐकू येईल. मग 'आवडतं कोण' हे शेवटी विचारा. आधी विचारा: घरात टेप कुणाच्या ताब्यात होता? लग्नात बँडवाले काय वाजवायचे? कानबाईला काय म्हणायचे? हेच प्रश्न त्यांच्या आईला किंवा थोरल्या भावाला वेगळे विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर वैतागू नका, तीही नोंदवून ठेवा.