अपरा : भिंत की सक्रिय इंद्रिय?
(मेडावार यांच्या मांडणीची चिकित्सा)

'गर्भारपणात स्त्रीची प्रतिकारशक्ती कमी होते' हे विधान अध्यापनात इतके रुळले आहे की त्याचा उगम सहसा शोधला जात नाही. तो बऱ्याच अंशी पीटर मेडावार यांच्या १९५३ मधील निबंधात सापडतो. त्या मांडणीची विषाणुसंसर्गाच्या संदर्भात चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

मेडावार यांचा प्रश्न मूलगामी होता. गर्भाची निम्मी जनुके पित्याकडून येतात. म्हणजे मातेच्या दृष्टीने तो अंशतः परकाच असतो. परक्या त्वचेचे रोपण शरीर नाकारते, मग गर्भ नऊ महिने कसा टिकतो? त्यांनी तीन शक्यता मांडल्या : माता व गर्भ यांची शारीरिक विलगता, गर्भाच्या प्रतिजनांची अपक्वता आणि मातेच्या प्रतिकारयंत्रणेची निष्क्रियता. प्रश्नाचे श्रेय निर्विवादपणे त्यांचेच आहे. तथापि पहिल्या व तिसऱ्या शक्यतेतून अपरा म्हणजे भिंत आणि माता म्हणजे दुर्बल, अशी दोन समीकरणे रूढ झाली. ती तपासणे आवश्यक आहे.

अपरेचा, म्हणजे बोलीतील वारेचा, मातेच्या रक्ताशी संपर्कात येणारा थर पेशी एकमेकींत विलीन होऊन बनतो. त्यासाठी लागणारे सिन्सिटिन हे प्रथिन प्राचीन रेट्रोव्हायरसच्या जनुकापासून आलेले आहे, हे २००० साली स्पष्ट झाले. हा थर निव्वळ अडथळा नाही. पूर्ण दिवसांच्या मानवी अपरेतील या पेशी संसर्ग नसतानाही लॅम्डा वर्गाचे इंटरफेरॉन स्रवतात आणि ते झिका विषाणूपासून इतर पेशींचेही रक्षण करते, असे २०१६ च्या संशोधनात आढळले. शिवाय अपरा मातेची आयजीजी प्रतिपिंडे निवडून गर्भाकडे पोहोचवते. भिंतीकडून असे कार्य संभवत नाही.

हे संरक्षण अभेद्य मात्र नाही. नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये मातेचा रुबेला व अर्भकाचा मोतीबिंदू यांचा संबंध दाखविला. रुबेलाचा धोका पहिल्या तिमाहीत सर्वाधिक असतो. म्हणजे संसर्ग केव्हा झाला, यालाही महत्त्व आहे. प्रतिसाद तीव्र असला की तो हितकरच, असेही नाही. २०१८ मधील उंदरांवरील प्रयोगांत झिकासंसर्गानंतर गर्भाचा मृत्यू घडविण्यात गर्भाच्याच पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉन-प्रतिसादाचा वाटा दिसून आला.

मातेच्या दुर्बलतेचे गृहीतकही टिकत नाही. गर्भारपणाच्या प्रारंभी गर्भाशयाच्या अस्तरातील श्वेतपेशींपैकी सुमारे ७० टक्के नैसर्गिक मारक पेशी असतात. यास निष्क्रियता म्हणता येत नाही. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या दोन काविळींची तुलना येथे उद्बोधक ठरते. हिपॅटायटीस 'ई'च्या उद्रेकांत तिसऱ्या तिमाहीतील रुग्ण स्त्रियांचे मृत्युप्रमाण सुमारे २० टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे; हिपॅटायटीस 'ए' मात्र गर्भवतींमध्ये सहसा तसा घातक ठरत नाही. प्रतिकारशक्ती सरसकट कमी होत असती, तर हा भेद दिसला नसता.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. कोविड लसींच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांतून गर्भवतींना वगळण्यात आले. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. गर्भवतींना परवानगी मिळाली ती २ जुलै २०२१ रोजी. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली. या सावधगिरीमागे गर्भाच्या सुरक्षिततेची चिंता होती, हे मान्य करावयास हवे. परंतु जिला दुर्बल म्हणावयाचे, तिलाच संरक्षणासाठी थांबवावयाचे, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. मातेला दिलेल्या लसीतून निर्माण झालेली प्रतिपिंडे अपरेवाटे अर्भकासही मिळतात, हे लक्षात घेता ती अधिकच गंभीर ठरते.

सारांश, मेडावार यांचा प्रश्न अभ्यासक्रमात राहावा. त्यांची उत्तरे मात्र इतिहास म्हणून शिकविली जावीत. 'प्रतिकारशक्ती कमी होते' या विधानाऐवजी कोणता विषाणू, कोणत्या महिन्यात, अपरेच्या कोणत्या पेशींत, असे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अधिक शास्त्रीय ठरेल.