एकलव्यावर भुंकलेला कुत्रा

महाभारताच्या आरंभी एक मार खाल्लेला कुत्रा आहे आणि शेवटी एक साथ न सोडणारा. जनमेजयाच्या यज्ञात त्याच्या भावांनी सरमेच्या पिल्लाला विनाकारण बडवले आणि सरमेने शाप दिला, ही पहिली गोष्ट. हिमालयात युधिष्ठिरामागे चालत गेलेला कुत्रा प्रत्यक्ष धर्म निघाला, ही शेवटची. या दोघांच्या मधे, आदिपर्वात, आणखी एक कुत्रा आहे. त्याला नाव नाही, त्याच्यासाठी कोणी शाप देत नाही आणि स्वर्गाच्या दारात कोणी अडूनही बसत नाही. पांडवांच्या शिकारीबरोबर तो रानात गेला, भटकत एका माणसापाशी पोचला, भुंकत राहिला आणि तोंडात सात बाण घेऊन परत आला. एकलव्याच्या कथेत आपण बाणांचे कौतुक करतो आणि अंगठ्यापाशी हळहळतो. कुत्रा मात्र निरोप्यासारखा येतो आणि जातो. या लेखात मला त्याच्यापाशी थांबायचे आहे.

कारण साधे आहे. ‘कुत्र्याला माणूस कळतो’ हे वाक्य गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मी अकोल्यात फार वेळा ऐकले. (अकोले, नगर जिल्ह्यातले, विदर्भातल्या अकोल्याची पत्रे अजूनही आमच्याकडे येतात.) आमचा मोती उगाच कुणावर भुंकत नाही, भुंकला की समजायचे माणूस बरा नाही, असे सांगणारे एखादे घर प्रत्येकाच्या ओळखीत असते. एका घरी भांडी घासायला येणारी ठाकर समाजातली बाई चार दिवसांत बंद झाली, कारण कुत्रा तिच्यावर भुंकायचा. तिच्याविरुद्ध दुसरी तक्रार नव्हती. मालकीणबाई मला म्हणाल्या, “त्याला बरोब्बर कळतं.” काय कळले, हे विचारल्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते, आणि त्यांना त्याची गरजही वाटली नाही. ज्या साक्षीची उलटतपासणी होऊ शकत नाही तिच्यावर एका बाईचा रोजगार गेला, म्हणून हा विषय मला गमतीचा वाटत नाही.

आता व्यासांकडे वळू. तो कुत्रा का भुंकला, याचे कारण महाभारतात दिलेले आहे आणि ते स्वभावाचे नाही. काळा वर्ण, मळलेले अंग, अंगावर कृष्णाजिन, वाढलेल्या जटा: एवढे दिसले आणि तो भुंकू लागला. समोरचा माणूस चोर नव्हता, कपटी नव्हता. मातीच्या गुरूसमोर तो एकट्याने अभ्यास करत होता आणि त्याच्याइतकी गुरुनिष्ठा त्या पर्वात दुसऱ्या कोणा शिष्याजवळ दिसत नाही. कुत्र्याला यातले काही कळले नाही. त्याला राजवाड्यातल्या माणसांसारखा न दिसणारा, त्यांच्यासारखा वास नसलेला एक माणूस कळला. पुढचे वाक्य तर मला जास्त महत्त्वाचे वाटते. पांडव माग काढत आले तेव्हा त्यांनाही तो ओळखता आला नाही. त्याचे रूप त्यांनाही विचित्र दिसले आणि तू कोण, कुणाचा, हे त्यांनी विचारले. म्हणजे कुत्रा आणि मालक यांची नजर एकच होती. फरक एवढाच की मालकांनी प्रश्न विचारला आणि कुत्र्याला तो विचारता येत नव्हता.

कुत्र्याने माणसाच्या स्वभावावर निकाल दिल्याची एक कथा आपल्या परंपरेत आहे, ती रामायणाच्या उत्तरकांडात, प्रक्षिप्त मानल्या गेलेल्या सर्गांत. एक कुत्रा रामाच्या दरबारी फिर्याद घेऊन येतो: भिक्षा मागणाऱ्या ब्राह्मणाने मला विनाकारण काठीने मारले. शिक्षा काय द्यायची? कुत्रा म्हणतो, याला कालंजरच्या मठाचा कुलपती करा. सभा चकित होते. मग तो सांगतो की मागच्या जन्मी मी तिथलाच कुलपती होतो, आणि त्या पदाने माझी ही गत केली. कथा बोचरी आहे, तिचा रोख मठांवर आहे हे उघड आहे. पण बारकाईने पाहिले तर या कुत्र्यालाही अंतर्ज्ञान नाही. त्याने आधी काठी खाल्ली, मग मत बनवले. आणि मठाविषयी त्याला जे ठाऊक आहे ते माणूस असताना मिळवलेले आहे.

ऋग्वेदातली सरमा पणींनी देऊ केलेला गाईंचा वाटा नाकारते, आणि ‘न विकली जाणारी कुत्री’ ही प्रतिमा तिथून सुरू होते. पण बृहद्देवतेपर्यंत येताना कथा बदलली. तिथे ती पणींकडचे दूध पिते आणि इंद्राशी खोटे बोलते. जुन्या लोकांना कुत्रा चांगला माहीत होता, एवढे यावरून दिसते. दूध कोण घालतो याचा परिणाम होतो, हे त्यांनी लपवले नाही.

मराठीत कुत्र्याचा मोठेपणा सांगताना शब्द येतो तो ‘इमान’. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या वाघाच्या शिकारीत धन्याचा जीव वाचवतो असे सांगतात, आणि संगम माहुलीला त्याची समाधी आहे. रायगडावरचा वाघ्या धन्याच्या चितेत उडी घेतो. समकालीन साधनांत या वाघ्याचा पत्ता नाही, हे इतिहासाचे अभ्यासक सांगत आले आहेत. गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’ने त्याला मराठी मनात जागा दिली आणि 1936मध्ये गडावर त्याचा पुतळा बसला. त्या पुतळ्यावरून झालेल्या वादात मला शिरायचे नाही. मला वेगळे दाखवायचे आहे. खंड्या काय, वाघ्या काय, किंवा खंडोबाबरोबरचा कुत्रा काय, यांतला कोणीही परक्याचा स्वभाव ओळखणारा म्हणून पूजला गेलेला नाही. ते आपला धनी ओळखतात. आपल्या म्हणींतही कुत्र्याचे शेपूट आहे, त्याचे भुंकणे आहे, हत्तीमागे धावणे आहे. त्याच्या पारखीवरची म्हण, निदान आमच्या बाजूला बोलली जाणारी, मला आढळलेली नाही. उलट भुंकण्याला फार किंमत देऊ नका, असेच म्हणी सांगतात. खलनायकाला आधी ओळखणारा कुत्रा आपल्याकडे ठसला तो बहुधा पडद्यावरून. ‘तेरी मेहरबानियाँ’ (1985) पाहून रडलेली पिढी आता बंगल्यांची मालक झाली आहे. ‘इमान’ मागे पडून ‘ओळख’ पुढे आली, ती गेल्या चाळीस वर्षांतली गोष्ट असावी असे माझे मत आहे. याच काळात ‘गावठी’च्या शेजारी ‘जातिवंत’ कुत्रा घरात आला, हा शब्दही जाता जाता ऐकून ठेवावा.

मग गावातला कुत्रा रात्री भुंकतो तो कशावर? याचे एक उत्तर अकोल्याच्याच मातीतून निघाले आहे. प्रवरेच्या खोऱ्यात उसामुळे बिबट्या राहतो, हे इथल्या माणसाला कोणी सांगायला नको. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच बिबट्यांचा अभ्यास केला. त्यांनी विष्ठेचे नमुने तपासून बिबट्याचे खाणे मोजले, तेव्हा वजनाच्या हिशेबाने सुमारे 87 टक्के खाणे माणसाभोवतीच्या पाळीव प्राण्यांचे निघाले, आणि त्यात पहिला क्रमांक कुत्र्याचा, 39 टक्के. शेळ्या त्याच्या किती तरी खाली. म्हणजे आमच्या तालुक्यातला कुत्रा हा बिबट्याचे पहिले अन्न आहे. वस्तीवरच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात तो शोभेसाठी नव्हे. अंधारात जे हलते, जे रोजचे नाही, त्यावर भुंकणे हा त्याच्या जगण्याचा भाग आहे. उशिरा आलेला पाहुणा, पाळी धरायला निघालेला शेतकरी, रस्ता चुकलेला ऊसतोडणी मजूर, हे सगळे त्याच्या लेखी ‘रोजचे नाही’ या एकाच खान्यात पडतात. तो चूक करत नाही. बिबट्यावर न भुंकण्यापेक्षा पाहुण्यावर भुंकणे त्याला स्वस्त पडते.

कुत्र्याला काहीच कळत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याला खूप कळते. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात 2022मध्ये चार कुत्र्यांना माणसांच्या श्वासाचे व घामाचे नमुने हुंगायला दिले; ताणात असलेल्या माणसाचा नमुना त्यांनी 93 टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर निवडला. क्योतो विद्यापीठातल्या 2015च्या प्रयोगात 54 कुत्रे होते. मालक एक डबा उघडायला झटतो आहे, शेजारच्या माणसाने मदत नाकारली, तर कुत्रा नंतर त्याच्या हातचा खाऊ टाळून तटस्थ बसलेल्या माणसाकडे वळतो. वर्तमानपत्रांना हे ‘कुत्र्यांना दुष्ट माणूस कळतो’ असे वाटले. पण त्याच प्रयोगात मदत करणाऱ्याला कुत्र्यांनी विशेष पसंती दिली नाही, हे कमी छापले गेले. आणि जे टाळले गेले ते ‘माझ्या माणसाला’ नाही म्हणणाऱ्याला. मालक दरोडेखोर असता आणि मदत नाकारणारा साधू असता, तरी निकाल बदलला असता असे मानायला त्या प्रयोगात जागा नाही. याला मी पक्षपात म्हणेन, तोही प्रेमळ पक्षपात. न्याय म्हणणार नाही.

ताणाचा वासही असाच दुधारी आहे. घाबरलेला कोण असतो? चोर असतो, पण पहिल्या दिवशी मोठ्या बंगल्यात शिरणारी कामवालीही असते, आणि लहानपणी कुत्रा चावलेला पोस्टमनही. कुत्रा भीती हुंगतो. तिचे कारण हुंगत नाही.

मला सर्वांत जास्त विचारात पाडले ते कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या 2011च्या कामाने. अमली पदार्थ आणि स्फोटके शोधणाऱ्या 18 कुत्र्यांच्या जोड्या, म्हणजे कुत्रा आणि त्याचा प्रशिक्षक, एका इमारतीत सोडल्या. इमारतीत काहीही लपवलेले नव्हते. प्रशिक्षकांना मात्र सांगितले होते की माल आहे, आणि काही जागी लाल कागद ही त्याची खूण आहे. सापडल्याच्या 225 चुकीच्या खबरा आल्या, आणि खूण केलेल्या जागी जास्त. माल प्रशिक्षकाच्या डोक्यात होता. तोच कुत्र्याला सापडला. हे वाचल्यावर त्या मालकीणबाईंचा कुत्रा मला नव्याने दिसू लागला. दाराची कडी काढताना बाईंचा हात किती सैल होता, पट्टा किती आवळला गेला, आवाज कुणासाठी बदलला, हे त्याने वाचले असणार. पांडवांच्या कुत्र्याबद्दलही मी हेच म्हणेन: रानात तो एकटा होता, पण त्याच्या भुंकण्यात हस्तिनापूर होते.

आता या विषयाचा एक कोपरा, ज्याकडे मराठी समीक्षा वळलेली दिसत नाही. माणूस ओळखण्याचे काम आपल्या गावगाड्यात खरोखर कुणाकडे होते? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा अहवाल 1819मध्ये दिला. त्यात गावच्या राखणदाराची कामे आहेत: रात्री पहारा करायचा, गावात कोण आला आणि कोण गेला याची माहिती ठेवायची, परक्यावर नजर ठेवून संशय आला तर पाटलाला कळवायचे. शिवाय गावातल्या प्रत्येक माणसाचा स्वभाव त्याला ठाऊक असलाच पाहिजे, आणि चोरी झाली तर चोर त्यानेच शोधायचा. हा राखणदार बहुतेक गावांत महार होता. वेशीवरचा म्हणून वेसकर, बोलीत येसकर. पावलांचे ठसे पाहून शिवेपर्यंत माग काढणारा हा माणूस अंदाजावर बोलू शकत नव्हता. चुकला तर त्यालाच भोगावे लागे.

दया पवारांचे धामणगाव आमच्याच तालुक्यातले. ‘बलुतं’ (1978) आपण जातीच्या यातनेचे पुस्तक म्हणून वाचले, ते बरोबरच आहे. पण महारकीच्या कामांची वर्णने मी पुन्हा वाचली तेव्हा त्यात एक ज्ञान दिसले: कुठल्या घरात काय चालले आहे, कोण कसा आहे, पाटलाचा राग कधी खरा आणि कधी दाखवायचा. गाव या माणसाच्या ज्ञानावर रात्री झोपत होते आणि दिवसा त्याची सावली टाळत होते. 1958च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली, महारकी गेली, ते झाले हे उत्तम. पण ‘वेसकराला माणूस कळतो’ असे कौतुकाने कोणी म्हटल्याचे मला मराठी लेखनात दिसत नाही. जे श्रेय पिढ्यान्‌पिढ्या वेशीवर जागणाऱ्या माणसाला दिले नाही, ते आपण दोन वर्षांच्या लॅब्राडोरला सहज देतो.

आणि परक्याची पारख बिनपुराव्याने करायची सवय किती लांब जाते, ते 1 जुलै 2018ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसले. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. तिथे कुत्र्याची गरज पडली नाही. वेगळा वेश, वेगळी बोली, पाठीला झोळी, एवढ्यावर निकाल लागला. एकलव्याच्या वेळी लागला होता तसाच.

आमच्या भागातले म्हातारे येसकराच्या घुंगरांच्या काठीची आठवण सांगतात. संध्याकाळी तो घरोघर भाकरी मागायला निघे तेव्हा काठी आपटत येई; घुंगरू वाजले की बायका भाकरी काढून ठेवत. ती काठी कशाला, असे मी एका आजोबांना विचारले. ते म्हणाले, “भाकरीसाठी. आणि कुत्र्यांसाठी. वर्षानुवर्षं रोज यायचा, तरी आळीतलं एक कुत्रं त्याच्यावर भुंकायचं राहत नव्हतं.”